जिप्सीचा झिजलेला क्रँक: घासावा की नवा टाकावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी मारुती जिप्सी किंग, १२९८ सीसी पेट्रोल. क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा इंजिनातला दांडा; कनेक्टिंग रॉड ज्या गोल भागांवर बसतात त्या त्याच्या पिना, आणि ब्लॉकमध्ये तो ज्या भागांवर फिरतो ती मेन. इंजिन गरम झालं की आयडलला ऑइलचा दिवा मिणमिणतो आणि चढावर लोड आला की खालून ठोका ऐकू येतो. इंजिन उघडल्यावर तीन नंबरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा राखाडी थर उडून खालचं तांबूस दिसतंय, पिनवर नखाला लागणारे ओरखडे आहेत. मेकॅनिक म्हणतो, क्रँक गेला, नवा आणा. लेथवाला म्हणतो, ०.५० ला (मूळ मापापेक्षा अर्धा मिमी बारीक) घासून देतो, उद्या घेऊन जा. मालकांनी मायक्रोमीटरची मापं पाठवली आहेत: पिन एक, दोन आणि चार ४१.९६ ते ४१.९७ मिमी, पिन तीन एका दिशेने ४१.९४ आणि काटकोनात ४१.९०, मेन सगळी ४४.९८५ च्या आसपास आणि गोल. आता ऐकायचं कोणाचं?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँक घासण्याच्याच धंद्यात आहे, त्यामुळे माझं मत घासण्याच्या बाजूने झुकलेलं असणार असं तुम्ही धरून चाललात तरी हरकत नाही. पण ही मापं पाहून माझं उत्तर असं: क्रँक गेलेला नाही. फक्त चारही पिना घासाव्यात, मेनला हात लावू नये, आणि आधी ०.२५ चा प्रयत्न करावा, थेट ०.५० वर उडी मारू नये. मात्र त्याआधी तडा आणि वाक या दोन तपासण्या झाल्या पाहिजेत. त्यात क्रँक नापास झाला तर मग पुढचं सगळं सोडा, मेकॅनिकचं खरं.

आकड्यांपासून सुरुवात करू. या इंजिनाच्या पिनचं स्टँडर्ड माप ४१.९८२ ते ४२.०००. म्हणजे तुमच्या बाकीच्या तीन पिना खालच्या मर्यादेपेक्षा साधारण एक-दोन शतांश मिलिमीटरने कमी आहेत, वयाच्या मानाने ठीक. तीन नंबरची लंबगोलाई ०.०४ येते. या वर्गातल्या छोट्या पेट्रोल इंजिनाला ०.०१ च्या पुढे लंबगोलाई किंवा उतार (एका टोकाकडे निमुळतेपणा) गेला की घासायला घ्यायचं, हा नियम. बेअरिंग आणि पिन यांच्यातली फट ०.०२ ते ०.०५ असायला हवी, शेवटची मर्यादा ०.०८. तुमच्या तीन नंबरला नवंकोरं स्टँडर्ड बेअरिंग टाकलं तरी झिजलेल्या दिशेने फट ०.११ च्या खाली येणार नाही. त्यामुळे ‘नुसतं बेअरिंग टाकून बघू’ हा तिसरा सल्ला कोणी दिला तर तो इथेच बाद.

फट थोडी वाढली तर एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. बेअरिंगच्या कडेने जे तेल गळून जातं ते फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली तर गळती साधारण आठपट. थंड असताना तेल दाट असतं म्हणून दाब टिकतो. गरम झालं की पातळ होतं, आयडलला पंप हळू फिरतो, आणि त्या एकाच पिनपाशी इतकं तेल निसटतं की दिवा लागतो. दिवा म्हणजे तरी काय, दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्याही खाली दाब गेला की पेटणारा स्विच. तो मिणमिणायला लागेपर्यंत बरीच वाट लागलेली असते.

आता ०.२५ की ०.५०, हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेक लोक वजाबाकी चुकवतात. पहिल्या साइजला या पिनचं माप ४१.७३२ ते ४१.७५० ठेवायचं असतं. तीन नंबर ४१.९० आहे, ४१.७४ करायची आहे, म्हणजे व्यासात ०.१६ मिळतात, दोन्ही बाजूंना ०.०८ प्रमाणे; ओरखडे त्यात आरामात निघतील, असं वाटतं. तसं होत नाही. पिन सगळीकडून सारखी झिजत नाही. ज्या बाजूवर जास्त जोर येतो तीच बाजू खाल्ली जाते, समोरची जवळपास शाबूत राहते. ग्राइंडर मात्र पिनच्या मूळ केंद्रावरच फिरवायचा असतो. केंद्र सरकवलं तर स्ट्रोक बदलतो. मूळ पिन ४१.९९ धरली, तर ४१.७४ करताना प्रत्येक बाजूने ०.१२५ निघणार. झिजलेल्या बाजूने ०.०९ आधीच गेलेत. म्हणजे तुमच्याकडे शिल्लक आहेत जेमतेम ०.०३५. त्याहून खोल ओरखडा असेल तर तो ०.२५ ला निघणार नाही.

म्हणून लेथवाला थेट ०.५० म्हणतोय त्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. त्याला एका बैठकीत काम संपवायचंय, दोनदा सेटिंग करायचं नाही. पण योग्य रीत अशी: सगळ्यात खराब पिन आधी लावायची. हळूहळू कट घेत ४१.७६ पर्यंत जायचं, थांबायचं, बघायचं. साफ झाली तर बाकीच्या तिन्ही ०.२५ ला. नाही झाली तर चारही ०.५० ला. एखादी केसाएवढी बारीक रेघ उरली आणि तिच्यावरून नख अडकत नसेल तर मी ती सोडून देतो. तेवढ्यासाठी साइज उतरवत नाही. चारही पिना एकाच साइजला का, तर बेअरिंग सेटवर मिळतात, आणि पुढे कधी इंजिन उघडणाऱ्याला कोडं पडू नये.

बेअरिंगच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. ०.२५ आणि ०.५० हे दोन्ही सेट चांगल्या कंपनीचे मिळतात का, हे क्रँक मशीनवर चढण्याआधी दुकानात फोन करून विचारा. आधी लावलेली ती खराब पिन कोणत्या साइजला साफ होते ते कळल्यावर सेट विकत घ्या. आणि शेवटचा कट बेअरिंग हातात आल्यावर, ते रॉडमध्ये बसवून, कॅप पुस्तकातल्या टॉर्कला (ठरलेल्या जोराला) आवळून, आतला व्यास बोअर गेजने मोजून मग घ्यायचा. डब्यावर ०.२५ छापलंय म्हणून डोळे झाकून घासणारे खूप आहेत. बेअरिंगच्या भिंतीत शतांशभर फरक असला तरी फटीत तो दुप्पट होऊन उतरतो.

दोन साइजनी ताकद किती कमी होते, ही भीतीही पुष्कळांना असते. वाकण्या-पिळण्याला पिनचा प्रतिकार व्यासाच्या घनावर अवलंबून असतो. ४२ च्या पिनवरून पाव मिलिमीटर गेला तर ती ताकद पावणेदोन टक्क्यांच्या आसपास घटते. अर्धा मिलिमीटर गेला तर साडेतीन. क्रँक तेवढ्याने मोडत नाही. तो मोडतो रेडियसमुळे.

पिन जिथे वेबला (तिला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पाटीला) भिडते तिथे कोपरा काटकोनी नसतो, गोलवा दिलेला असतो. सगळा ताण त्या गोलव्यात एकवटतो. ग्राइंडिंग व्हीलच्या कडा डायमंडने घासून मूळ रेडियसच्या आकाराच्या करून घ्याव्या लागतात, आणि व्हील झिजलं की पुन्हा. घाईतला माणूस हे टाळतो. मग कोपऱ्यात एक बारीक पायरी उरते, ती तेव्हा कोणाला दिसत नाही, आणि वर्षभराने क्रँक तिथूनच दोन तुकडे होतो. लोक म्हणतात, घासलेला क्रँक टिकत नाही. घासलेला टिकतो, पायरी राहिलेला टिकत नाही. काम परत घेताना बोट रेडियसवरून फिरवा आणि टॉर्च तिरकी मारून बघा. उलट रेडियस गरजेपेक्षा मोठा ठेवला तर बेअरिंगची कड त्याच्यावर चढते आणि बेअरिंग कडेला खाल्लं जातं. तेही पाहायला हवं.

तड्याची तपासणी. जुन्या गॅरेजमध्ये क्रँक दोरीला टांगून हातोडीने हलकेच टोकतात. खणखणीत आवाज आला तर बरा, भद्द आला तर तडा. दुसरी रीत, रॉकेलमध्ये बुडवून, पुसून, वर खडूची पूड भुरभुरायची. तड्यातून रॉकेल पाझरून रेघ उमटते. दोन्ही रीती मोठा तडा पकडतात, बारीक तडा सोडून देतात. मॅग्नाफ्लक्स करून घ्या. क्रँकला चुंबकत्व देऊन त्यावर लोहकणांचं द्रावण सोडतात, तड्यापाशी कण गोळा होतात. घासण्याआधी एकदा आणि घासल्यावर एकदा, कारण घासताना पाणी कमी पडलं किंवा कट जास्त घेतला तर पृष्ठभाग जळून नवे बारीक तडे पडतात. तपासणीनंतर क्रँकचं चुंबकत्व उतरवायला सांगायचं. नाहीतर तो बेअरिंगमधला लोखंडाचा प्रत्येक कण स्वतःकडे ओढत बसतो.

ऑइलच्या छिद्राभोवतीचे किरकोळ उभे तडे कधी कधी घासून निघतात. रेडियसमधला तडा दिसला तर चर्चा नको, क्रँक भंगारात.

वाक तपासायला दोन टोकांची मेन व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या मेनवर डायल गेज लावायचा आणि सावकाश एक फेरा द्यायचा. काट्याची एकूण हालचाल ०.०६ च्या आत हवी. तुमची मेन गोल आहेत म्हणून वाचन सरळ धरता येईल. मेन लंबगोल असतील तर तीही त्या वाचनात मिसळते. वाकलेला क्रँक प्रेसवर सरळ करून देणारे लोक आहेत. ट्रकचा, जुन्या पद्धतीचा फोर्ज केलेला जाडजूड क्रँक असेल आणि करणारा जाणकार असेल तर मी विरोध करत नाही. कारच्या क्रँकला करू नये असं माझं ठाम मत आहे. सरळ केलेला क्रँक पुन्हा आपल्या जागी जायला बघतो, आणि दाबताना पडलेला तडा आत लपून राहतो.

इथे ट्रकवाल्यांच्या अनुभवाबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडे क्रँकविषयीचं बरंच शहाणपण जुन्या ट्रक, ट्रॅक्टर आणि शेतावरच्या ऑइल इंजिनांवरून आलंय. तिथे ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असे चार साइज उतरवणं नेहमीचं. मुंढव्याला भारत फोर्जमध्ये घडवले जातात तसले ट्रकचे क्रँक, त्यांच्या जाडीत आणि पृष्ठभागाच्या कडकपणात हे सगळं सामावतं. इंडक्शनने कडक केलेल्या पिनचा कडक थर मिलिमीटर-दोन मिलिमीटर किंवा त्याहून खोल असतो, त्यामुळे अर्धा मिलिमीटर काढला तरी खाली कडक धातूच सापडतो. कारमध्ये हे गृहीत धरता येत नाही. नायट्राइड केलेल्या (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक केलेल्या) क्रँकचा खरा कडक थर अगदी पातळ असतो, वरची कातडी तर काही मायक्रॉनचीच. तो घासला की खालचा मऊ धातू उघडा पडतो, आणि पुन्हा नायट्रायडिंग करून घेतल्याशिवाय वापरला तर बेअरिंगबरोबर पिनही वेगाने झिजते. इसुझूच्या ४जेए१ आणि ४जेबी१ या डिझेल इंजिनांच्या दुरुस्ती-पुस्तकात तर सरळ लिहिलंय की क्रँक टफ्ट्राइड (नायट्राइडचाच एक प्रकार) केलेला आहे, घासू नये, आणि अंडरसाइज (घासलेल्या पिनसाठीचं जाड) बेअरिंग मिळणार नाही. असं वाक्य पुस्तकात असलं की निर्णय झालेला असतो. पिनवर अमोनियम कॉपर क्लोराइडच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकून थर शिल्लक आहे का ते कळतं. थर असेल तर रंग बदलत नाही, नसेल तर अर्ध्या मिनिटात तांब्याचा रंग चढतो.

तिसरा प्रकार, रेडियसवर रोलर दाबून पक्का केलेला क्रँक. त्यात कोपऱ्याला बारीक खाच दिसते. पिनचा सपाट भाग घासता येतो, पण खाचेला व्हील लागलं की रोलिंगने दिलेली ताकद गेली. अलीकडच्या पुष्कळ कार इंजिनांत असे क्रँक असतात, आणि ते घासायला आणले तर मी आधी मालकाला कंपनीचं पुस्तक काढायला सांगतो. जिप्सीच्या या इंजिनाला मात्र कंपनीने स्वतः अंडरसाइज माप दिलेलं आहे, म्हणून मी बिनधास्त घासा म्हणतोय.

मग मेकॅनिकचं म्हणणं कधी बरोबर ठरलं असतं? रेडियसला तडा, ०.०६ च्या पुढे वाक, पिन निळी-काळी पडलेली, किंवा झीज इतकी की बाजारात मिळणाऱ्या शेवटच्या साइजलाही साफ होत नाही. निळा रंग म्हणजे बेअरिंग चिकटून तापलेला धातू. कडकपणा उतरलेला असू शकतो, तो कडकपणा मोजण्याच्या यंत्रावर तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. शिवाय एक जागा जी बघायला सगळे विसरतात ती म्हणजे क्रँकचं पुढचं नाक. तिथे टायमिंग पुलीची चावी असते. पुलीचा बोल्ट कधी सैल राहिला असेल तर चावीची खाच रुंद झालेली असते, मग टायमिंग हलतं आणि कितीही आवळलं तरी पुली पुन्हा सैल होते. पिना कितीही चांगल्या असोत, खाच फाटलेली असेल तर मी नव्या क्रँकच्या बाजूने. मागचं ऑइल सील बसतं तिथे चर पडला असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. सील किंचित आतबाहेर बसवता येतं किंवा पातळ स्टीलची स्लीव्ह चढवता येते.

वेल्डिंगने भरून, धातूचा फवारा मारून किंवा हार्ड क्रोम करून पिन पुन्हा स्टँडर्डला आणून देणारेही आहेत. मोठ्या जहाजी किंवा जनरेटरच्या इंजिनात, जिथे नवा क्रँक मागवायला महिने लागतात, तिथे याला अर्थ आहे. जिप्सीत नाही. तेवढ्या पैशात आणि जोखमीत दुसरा क्रँक येतो.

आता ज्याला मी खरं महत्त्व देतो ते. चारपैकी एकच पिन का खाल्ली गेली? तेल कमी होतं, तेल जुनं होतं, ही कारणं असती तर चारही पिना कमी-जास्त खराब दिसल्या असत्या. एकटी तीन नंबर गेली म्हणजे त्या जागेशी बांधलेलं काहीतरी कारण आहे, आणि ते न शोधता इंजिन बांधलं तर नवा क्रँकही तिथेच झिजेल. चार गोष्टी बघा. एक, त्या पिनला तेल नेणारं क्रँकमधलं छिद्र. तार घालून आणि मग दाबाने पेट्रोल मारून दोन्ही तोंडं मोकळी आहेत याची खात्री करा. दोन, तिला तेल पुरवणाऱ्या मेनचं बेअरिंग आणि त्याचं छिद्र ब्लॉकच्या छिद्रासमोर बसलं होतं का. तीन, तीन नंबरचा कनेक्टिंग रॉड. जिप्सी म्हटली की कोणीतरी कधीतरी ती ओढ्यात घातलेली असते. एअर क्लीनरमधून घोटभर पाणी आत गेलं तर सिलिंडरमध्ये ते दबत नाही, रॉड किंचित वाकतो, गाडी चालत राहते आणि बेअरिंग तिरकं घासत राहतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला होता, त्यानंतर मुंबईच्या बुडालेल्या गाड्यांचे रॉड पाहिलेल्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा. तुमच्या बेअरिंगची झीज एका कडेला जास्त असेल तर रॉड अलाइनमेंट जिगवर लावल्याशिवाय पुन्हा वापरू नका. चार, त्याच रॉडचं मोठं डोळं. बेअरिंग आत फिरलं असेल तर डोळ्याचा घेर बिघडलेला असतो, त्याला कॅप आवळून गोलाई मोजावी लागते.

याच ठिकाणी जुन्या गॅरेजांची एक खोड डोकावते: कॅप कानशीने घासून बेअरिंग ‘टाइट’ करणं, किंवा बेअरिंगखाली सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी घालणं. आधीच्या कोणी हे केलेलं असेल तर डोळं लंबगोल सापडेल. तुमच्या तीन नंबरमागे हेच निघालं तर मला नवल वाटणार नाही. असा रॉड बदला.

तेलाचा पंप उघडा, संपमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातली) जाळी काढून धुवा. उतारावर-चढावर गाडी खूप तिरकी उभी राहत असेल आणि तेलाची पातळी खालच्या खुणेवर ठेवायची सवय असेल तर जाळी हवा ओढते, ठोका तिथूनच सुरू होतो.

मेनबद्दल. ४४.९८५ म्हणजे स्टँडर्डच्या आत, हात लावायचा नाही. पण नवी मेन बेअरिंगं टाकताना हे लक्षात घ्या की या इंजिनात ती एकाच जाडीची नसतात. क्रँकच्या वेबवर आणि ब्लॉकवर ठोकलेल्या खुणा जुळवून रंगाप्रमाणे निवडायची असतात. हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. दुकानदार सरसकट एका रंगाचा सेट देतो. घ्यावाच लागला तर प्रत्येक मेनवर प्लॅस्टिगेजची (दबून किती रुंद होते त्यावरून फट सांगणारी मऊ) काडी ठेवून, टॉर्क रेंचने आवळून, उघडून फट मोजा. ०.०२ ते ०.०४ यावी, ०.०६ च्या पुढे चालणार नाही. प्लॅस्टिगेज ठेवल्यावर क्रँक फिरवायचा नसतो.

क्रँकचा पुढे-मागे खेळ तुम्ही कळवलेला नाही. तो ०.११ ते ०.३१ हवा, ०.३८ ही मर्यादा. जास्त असेल तर तो खेळ रोखणारे थ्रस्ट वॉशर ०.१२५ ओव्हरसाइजमध्ये मिळतात. तो वाढण्याचं नेहमीचं कारण घाटात आणि सिग्नलला क्लच पेडलवर पाय ठेवून बसणं, कारण क्लच दाबलेला असताना सगळा जोर क्रँकला पुढे ढकलत असतो. वॉशरबरोबर क्रँकचा चेहराही खाल्ला गेला असेल तर ते प्रकरण वेगळं आणि महाग.

पैशांचा हिशेब लोक उगाच गुंतागुंतीचा करतात. इंजिन उतरवणं, उघडणं, बांधणं, चढवणं, गॅस्केट, तेल, रिंगा, पंप, हे सगळं तुम्ही घासलात तरी लागणार आणि नवा टाकलात तरी लागणार. तुलनेतून ते वगळा. राहतं एवढंच: एका बाजूला मॅग्नाफ्लक्स, ग्राइंडिंग आणि अंडरसाइज सेट, दुसऱ्या बाजूला नवा क्रँक आणि स्टँडर्ड सेट. आमच्या भागात पहिली बाजू दुसरीच्या बरीच खाली पडते. ती जर निम्म्याच्या वर जायला लागली, म्हणजे मेनही घासायची, थ्रस्टही दुरुस्त करायचा, रॉडही नवे, तर मी मालकाला नव्याकडे वळवतो. कारण मग काम बिघडल्यास मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते, आणि ती जोखीम कुठल्याच बिलात लिहिलेली नसते.

नव्या क्रँकचंही सगळं आलबेल नसतं. २०१८ च्या अखेरीस जिप्सीचं बुकिंग थांबलं, त्यामुळे अस्सल क्रँक मागितल्या दिवशी मिळेल असं धरू नका. बिननावाचा स्वस्त क्रँक घेण्यापेक्षा तुमचाच मूळ क्रँक चांगला घासलेला मी कधीही पसंत करीन. बिननावाच्याचा कडकपणा कोणी मोजलेला नसतो. एस्टीमचा बसतो असं सांगून कोणी गळ्यात मारायला बघेल, पार्ट नंबर जुळल्याशिवाय घेऊ नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत जुना क्रँक घ्यायचा तर स्वतःचा मायक्रोमीटर खिशात हवा. तिथे सगळेच क्रँक तोंडाने स्टँडर्ड असतात. आणि तोही आधी मॅग्नाफ्लक्सला. अख्खं जुनं इंजिनच टाकायचा मोह झाला तर लक्षात असू द्या, क्रँक बदलल्याने कागदपत्रांत काही फरक पडत नाही, पण इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो आणि आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

क्रँक घासून आल्यावर छिद्रांच्या तोंडांना हलका उतार दिलाय का ते बघा, धारदार तोंड बेअरिंगचा थर खरवडतं. पॉलिश झालेली पिन बोटाला रेशमी लागली पाहिजे. तांब्याचं नाणं त्यावरून ओढलं आणि पिनवर तांब्याची रेघ राहिली तर पॉलिश कमी पडलंय. मग आतली छिद्रं पुन्हा धुवा, यावेळी लांब ब्रश घालून, कारण घासताना उडालेली दगडाची पूड तिथे जाऊन बसते. लगेच बांधायचा नसेल तर तेल लावून, गुंडाळून, उभा ठेवा. आडवा, दोन विटांवर महिनाभर नको.

या इंजिनाचा ऑइल पंप क्रँकच्याच पुढच्या टोकावर असतो, त्यामुळे बाहेरून फिरवून आधी तेल भरता येत नाही. बांधताना पंपात तेल किंवा व्हॅसलीन भरा, बेअरिंगांना भरपूर तेल लावा, आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, इग्निशन तोडून, स्टार्टरने थोडं थोडं फिरवत दिवा विझेपर्यंत थांबा. स्विचच्या जागी काट्याचं प्रेशर गेज लावून ठेवा. इंजिन पुरतं गरम झाल्यावर तीन हजार आरपीएमला ३ किलोच्या वर काटा दिसायला हवा. सगळ्या फटी मापात असूनही तो त्याच्या खाली राहिला, तर पुन्हा क्रँक काढायला धावू नका. आधी पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडा, त्यात कचरा अडकून तो अर्धवट उघडा राहिलेला असतो.